आत्यांचा फ्लॅट भाच्याने विकत घेताना काय सांभाळायचं?

आत्या वृद्धाश्रमात राहायला जाणार आणि त्यांचा पुण्यातला फ्लॅट भाचा घेणार, तर किंमत रेडी रेकनरच्या (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या मूल्याच्या) फार खाली नेऊ नका. त्या फरकावर भाच्याला आयकर लागत नाही, पण सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीच्या ११० टक्क्यांपुढे गेलं की आत्यांचा भांडवली नफा सरकारी मूल्यावरच मोजतात. भुर्दंड त्यांनाच! किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर भाच्याने १ टक्का टीडीएस (आत्यांच्या नावाने आधीच भरायचा आयकर) कापून भरावा. २०० रुपयांच्या मुद्रांकाची सवलत मुलं-नातवंडांच्या बक्षीसपत्राला आहे, भाच्याला नाही.

खरी भांडणं पुढे निघतात ती ‘त्यांना समजत नव्हतं’ यावरून. म्हणून नोंदणीच्या दिवशीचंच डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, आणि पैसे फक्त त्यांच्या एकटीच्या खात्यात. चालवत नसेल तर आधी अर्ज करून दुय्यम निबंधकांना (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना) त्या असतील तिथे बोलावता येतं.