पोर्शे ९४४ चा रेफरन्स सेन्सर इंजिन न काढता बदलता येतो का?

हो, इंजिन किंवा गिअरबॉक्स काही काढावं लागत नाही, वरूनच होतं, फक्त हात जेमतेम जातो. मी दोनदा केलंय. स्पीड आणि रेफरन्स असे दोन सेन्सर (इंजिनच्या कॉम्प्युटरला इंजिनचा वेग आणि क्रॅंकची स्थिती सांगणारे) इंजिनच्या मागे, फायरवॉलजवळ बेल हाउसिंगवरच्या (क्लचभोवतीच्या कवचावरच्या) एका ब्रॅकेटमध्ये शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाला एकच बोल्ट, ५ मिमी एलन की आणि लांब एक्स्टेन्शन घ्या. जुना सेन्सर इतक्या वर्षांत जाम झालेला असतो, तेव्हा रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि सकाळी हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत काढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर टोक तुटून आतच राहतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेन्सर आणि फ्लायव्हील (इंजिनमागचं जड फिरतं चाक) यांच्यातली गॅप, ती ०.८ मिमी हवी, त्यासाठी तेवढ्याच जाडीचा वॉशर टोकाला चिकटवून माप घेतात. दोन्हींचे कनेक्टर दिसायला सेम आहेत, काढायच्या आधी खुणा कराच, उलटे लागले की गाडी स्टार्टच होत नाही. पण स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलत नाही म्हणून सेन्सर मागवणार असाल तर आधी डीएमई रिले (इंजिनच्या कॉम्प्युटरला आणि फ्युएल पंपाला वीज देणारा स्विच) बदलून बघा, तो गेला तरी अगदी हेच होतं आणि तो बदलायला दोन मिनिटं लागतात.