दर उतरले तरी शाखेचा नफा कसा टिकवायचा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या बँक शाखेचा चार्ज मिळाल्याचं कळलं. तुझा प्रश्न सरळ आहे: व्याजदर खाली आलेत, पुढे कुठे जातील ते कोणी सांगत नाही, आणि वरून नफ्याचं टार्गेट तेवढंच आहे, मग काय करायचं? उत्तर थोडं लांबेल. वाचताना कॅलक्युलेटर जवळ ठेव.

आधी खड्डा किती आहे ते मोज. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का, जूनमध्ये अर्धा, डिसेंबरमध्ये पुन्हा पाव, असा एकूण सव्वा टक्का. आता समज, शाखेत ६० कोटींच्या ठेवी आहेत: २७ कोटी बचत खात्यांत, ३३ कोटी मुदत ठेवींत. कर्जं ३८ कोटींची: १४ कोटी रेपोशी जोडलेली घरकर्जं आणि छोटे उद्योग, १६ कोटी पीक कर्ज, ८ कोटी सोनेतारण. उरलेले २२ कोटी हेड ऑफिसकडे जातात आणि त्यावर शाखेला ट्रान्सफर प्राइस, म्हणजे हेड ऑफिसने ठरवलेलं अंतर्गत व्याज, मिळते.

रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलावाच लागतो. म्हणजे १४ कोटींवरचे वर्षाला १७.५० लाख गेले, तेही लगेच. हेड ऑफिसने ट्रान्सफर प्राइस एक टक्क्याने उतरवली तर आणखी २२ लाख. दुसऱ्या बाजूला, ३३ कोटींच्या मुदत ठेवींतल्या समज ११ कोटींचीच मुदत या वर्षी संपते. त्या पाऊण टक्का स्वस्तात पुन्हा घेतल्या तर ८.२५ लाख वाचतात, आणि तेही मुदत जसजशी संपेल तसतसे. बचत खात्याचा दर बऱ्याच मोठ्या बँकांनी अडीच टक्क्यांवर आणला. तिथे शेकडा २० पैसे वाचले तर २७ कोटींवर ५.४० लाख. गेले ३९.५० लाख, वाचले १३.६५ लाख. खड्डा साधारण २६ लाखांचा.

या हिशोबात एकच गोष्ट नीट पाहा. कर्ज एका तारखेला नव्या दरावर येतं, ठेव दुसऱ्या. नफा जातो तो या दोन तारखांच्या मधल्या काळात. दर ठरवणं तुझ्या हातात नाही, पण कोणती रक्कम कोणत्या तारखेला नव्या दरावर येते हे बऱ्याच अंशी तुझ्या शाखेत ठरतं. बचत खात्याचा दर अडीचवर आला की त्याखाली फारशी जागाच उरत नाही. दर फार खाली गेले की बँकांचा श्वास कोंडतो तो इथे: कर्जाचा दर उतरत राहतो, ठेवीचा दर तळाला टेकलेला असतो. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०१४ ते २०२२ या काळात दर शून्याखाली ठेवले, तेव्हा तिथल्या बँकांचं हेच झालं. सामान्य ठेवीदाराला उणे व्याज लावणं बँकांना सहसा जमत नाही.

म्हणून पहिलं काम तारखांचा तक्ता. एका कागदावर बारा महिने मांड. प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात मुदत संपणाऱ्या ठेवी, दर बदलणारी कर्जं आणि वसूल होणारी पीक कर्जं लिही. सिस्टिममधून मॅच्युरिटी रिपोर्ट निघतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. तक्त्यात एखाद्या महिन्यात पाच-सहा कोटींच्या ठेवींचा ढीग दिसेल. आपल्याकडे तो बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत असतो, कारण कापसाचे चुकारे (विकलेल्या मालाचे पैसे) तेव्हा येतात आणि कास्तकार, म्हणजे शेतकरी, एक वर्षासाठी पैसे ठेवतो. सगळा ढीग एकाच दरावर, एकाच आठवड्यात नवा होतो. त्या आठवड्यात दर चढे असले तर वर्षभर महाग पैसा गळ्यात.

उपाय ठेव फोडण्याचा. नऊ लाख आणणाऱ्याला एक वर्ष, दोन वर्षं आणि तीन वर्षं अशा तीन पावत्या सुचव. निवृत्त शिक्षकासाठीही हेच बरं: सगळी रक्कम एकदम कमी दरात अडकत नाही, आणि गरज पडली तर एकच पावती मोडावी लागते. शाखेसाठी ढीग पसरतो. दोघांचं हित एका कागदावर बसतं अशा जागा बँकिंगमध्ये थोड्याच, ही त्यातली एक. दर उतरणार असं वाटत असताना बँकेला छोट्या मुदतीची ठेव सोयीची असते आणि ठेवीदाराला लांब मुदतीची. ते त्याच्यापासून लपवू नकोस. दोन्ही दर दाखव, निवड त्याची. लपवून घेतलेली ठेव दर चढले की पहिली मोडते. एप्रिल २०२२ पर्यंत रेपो ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला. अशा काळात लोक दंड भरूनही जुनी पावती मोडतात, कारण नव्या दरातला फरक दंडापेक्षा मोठा असतो. मग तुझा तक्ता एका महिन्यात उलटापालटा होतो.

हेच कर्जाच्या बाजूनेही सांभाळ. स्वस्त दराच्या काळात कोणी पाच-सात वर्षांचं कर्ज स्थिर दराने मागितलं, तर ते किती मुदतीच्या ठेवीवर उभं राहणार ते आधी बघ. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली. कारण मुळात एवढंच होतं: कधीही काढता येणारे पैसे तिने लांब मुदतीच्या कमी व्याजाच्या रोख्यांत गुंतवले होते. दर चढले, रोख्यांची किंमत पडली, ठेवीदार दारात आले. रोख्यांचं काम हेड ऑफिसच्या ट्रेझरीचं (गुंतवणूक विभागाचं), तुझं नाही. दर उतरताना जुन्या रोख्यांची किंमत वाढते आणि ट्रेझरी नफा दाखवते, पण तो एकदाच मिळतो. त्याच्या भरवशावर शाखांचं गळणं झाकता येत नाही.

रेपोशी जोडलेल्या कर्जात एक बारकावा बरेच नवे अधिकारी विसरतात. रेपोवर जो फरक आपण लावतो, त्यातला कर्जदाराच्या जोखमीचा भाग त्याची पत लक्षणीय बदलल्याशिवाय बदलता येत नाही, आणि बाकीचे घटक वाढवायचे तर तीन वर्षं थांबावं लागतं. शेजारच्या बँकेने घरकर्ज स्वस्त दिलं म्हणून मंजुरीच्या दिवशी अर्धा टक्का सोडलास, तर पुढे रेपो चढला तरी तो अर्धा टक्का परत येत नाही. १४ कोटींवर अर्धा टक्का म्हणजे दरसाल सात लाख. सवलत द्यायचीच असेल तर ज्याचा पगार किंवा दुकानाचा गल्ला आपल्या खात्यात येतो त्याला दे. तिथे ती स्वस्त ठेवीतून भरून निघते.

आता विदर्भातल्या शाखेच्या खऱ्या पैशाकडे येऊ. तो पीक कर्जात आहे.

तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज सात टक्क्यांनी द्यायचं आणि बँकेला केंद्राकडून दीड टक्का व्याज सवलत मिळते. वेळेवर भरणाऱ्या कास्तकाराला वेगळे तीन टक्के मिळतात, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे त्याच्यावर व्याजाचा भार राहत नाही. तुझ्या १६ कोटींवर दीड टक्का म्हणजे वर्षाला २४ लाख. वर मोजलेल्या खड्ड्याच्या जवळ जाणारी रक्कम आहे ही. दर उतरल्याची बातमी सगळे वाचतात, हे २४ लाख गळतात ते कोणाला दिसत नाही.

गळतात कुठे? आधार जोडलेलं नाही किंवा सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून किसान ऋण पोर्टलवर (बँका या सवलतीचे दावे जिथे भरतात तिथे) खातं अडकतं. नूतनीकरण वेळेत झालेलं नसतं, आणि सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षासाठीच असते. तारीख उलटली की त्या पुढच्या दिवसांचं काही मिळत नाही. कर्ज पिकाचं असताना खातं चुकीच्या प्रॉडक्ट कोडमध्ये उघडलेलं असतं. पाचातलं एक खातं असं अडकलं तरी ४.८० लाख गेले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर नाकारलेल्या खात्यांची यादी काढ आणि गावनिहाय बँक मित्राच्या (गावात बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीच्या) हाती दे. मार्चमध्ये एकदम करू म्हणशील, तर मार्चमध्ये वसुलीच पुरून उरते.

सातबाऱ्यावरून आणखी एक आठवलं. बँकांना एकूण कर्जाच्या १० टक्के अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना) द्यावे लागतात. ज्या बँकेकडे ते जास्त होतात ती त्या जादा कर्जाची प्रमाणपत्रं, ज्यांचं प्रमाण कमी पडतं त्या बँकांना, रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर या ऑनलाइन मंचावर विकते. कर्ज आपल्याकडेच राहतं आणि वर फी मिळते. चार प्रकारच्या प्रमाणपत्रांत साधारण याच प्रकाराला सर्वांत जास्त भाव असतो. शहरातल्या शाखांना हे जमत नाही, घाटंजीला जमतं. पण सिस्टिममध्ये जमीन हेक्टरमध्ये टाकायची असते आणि काउंटरवर घाईत एकर टाकले जातात. चार एकरवाला म्हणजे १.६० हेक्टरचा अल्पभूधारक. रकान्यात ४ पडले की तो अल्पभूधारकांत धरला जात नाही आणि आपली विकण्याजोगी रक्कम कमी होते. आठ-अ (शेतकऱ्याच्या एकूण जमिनीचा उतारा) समोर ठेवून दोनशे खाती तपास, किती चुका निघतात ते बघ. एवढ्या स्वस्तात उत्पन्न दुसरीकडे मिळत नाही.

थकबाकीचं गणित पाठच कर. दहा लाख बाकी असलेलं ट्रॅक्टर कर्ज एनपीए झालं, म्हणजे थकून अनुत्पादक ठरलं, की न आलेलं व्याज उत्पन्नातून उलटं करावं लागतं आणि तारण असलं तरी संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून १५ टक्के तरतूद बाजूला काढावी लागते, म्हणजे दीड लाख. तीन टक्के मार्जिनने (कर्जाच्या आणि ठेवीच्या दरातल्या फरकाने) हे दीड लाख भरून काढायला ५० लाखांचं नवं, चांगलं कर्ज वर्षभर चालवावं लागतं. दर कमी असताना मार्जिन बारीक होतं, म्हणजे हा आकडा आणखी वाढतो. म्हणून दर पडले की जास्त व्याजाच्या जोखमीच्या कर्जांकडे धावणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. पहिल्या तिमाहीत उत्पन्न दिसतं, दुसऱ्या वर्षी तरतूद खाऊन टाकते.

ट्रॅक्टरचा हप्ता दरमहा लावलेला दिसला तर तो बदलून घे. कापसाचा पैसा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो, सोयाबीनचा दिवाळीच्या आगेमागे. वरुड-मोर्शीच्या संत्र्यात आंबिया बहार वर्षाच्या शेवटी आणि मृग बहार फेब्रुवारीनंतर. पैसा नसलेल्या जुलैत हप्ता लावायचा आणि मग कास्तकाराला थकबाकीदार म्हणायचं, यात चूक आपली असते.

कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की भरणारेही थांबतात. २००८, २०१७ आणि २०१९ च्या योजना लोकांना तोंडपाठ आहेत. त्यांना रागावून उपयोग नाही. २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन होतं, हे त्यांना सांग, आणि थकीत झालं तर सात टक्क्यांचा सवलतीचा दर जाऊन पूर्ण दर लागतो तो आकडा त्यांच्याच खात्यावर लिहून दाखव. मात्र सावकाराकडून दोन दिवसांसाठी पैसे आणवून नवं-जुनं (जुनं कर्ज कागदावर फेडून लगेच नवं देणं) करून घेऊ नकोस. कागद हिरवा दिसतो, कास्तकार त्या दोन दिवसांचं व्याज भरतो, आणि पुढच्या वर्षी रक्कम मोठी होऊन तिथेच उभी असते.

बाकीचं थोडक्यात. तिजोरीतली रोकड काही कमावत नाही. गरजेपेक्षा दहा लाख जास्त पडून राहिले तर साडेपाच टक्क्यांनी वर्षाला ५५ हजार गेले. आठवडी बाजार आणि चुकाऱ्यांचे दिवस सोडून मर्यादा खाली आण. सोनेतारणाचा दर सहसा वर्षभर स्थिर असतो म्हणून उतरत्या दरात ते आधार देतं, पण शेवटी एकदम भरायच्या कर्जात साचणारं व्याजही तारणाच्या मर्यादेत मोजायचं असतं, तेवढं लक्षात ठेव. जिनिंगवाल्याची (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराची) तीन कोटींची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, पावसाळ्यात चाळीस लाखांवर पडून असेल तर न वापरलेल्या मर्यादेवरचं शुल्क कराराप्रमाणे घे किंवा मर्यादा हंगामी कर. विम्याचं कमिशन मिळतं म्हणून पीक कर्जासोबत जबरदस्तीने पॉलिसी गळ्यात घालू नकोस. ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना मात्र प्रत्येकाला समजावून सांग. त्यातून उत्पन्न किरकोळ, पण घरातला कर्ता गेल्यावर त्या कुटुंबाच्या हाती चार लाखांपर्यंत येऊ शकतात.

तारखांचा तक्ता आणि नाकारलेल्या खात्यांची यादी या दोन गोष्टी या महिन्यात करून मला पाठव. तक्त्यात जानेवारीचा ढीग किती कोटींचा निघाला, तो आकडा आधी कळव. तीन पावत्यांची गोष्ट किती जणांना सांगायची ते त्यावरून ठरवू.

तुझा शुभचिंतक