कोलंबस, ओहायोहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशी जवळपासची कोणती गावं आणि पार्क्स बघण्यासारखी आहेत?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच कोलंबसला आलात, पाच आणि दहा वर्षांची मुलं आहेत, जूनमध्ये सासू-सासरे येणार आहेत आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. ऑफिसातले लोक सांगतात की बघायचं असेल तर नायगरा नाहीतर शिकागो गाठा, इथे नुसती मक्याची शेतं. मी या शहरात बरीच वर्षं राहतेय आणि मला हे अजिबात पटत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. हिमयुगात उत्तरेकडून आलेला बर्फ ओहायोत एका तिरक्या रेषेवर येऊन थांबला. त्या रेषेच्या वायव्येची जमीन त्याने सपाट करून टाकली, आग्नेयेकडचे डोंगर आणि घळी तशाच राहिल्या. कोलंबस सपाट बाजूला आहे, पण त्या रेषेपासून फार लांब नाही. त्यामुळे इथे गाडी कुठल्या दिशेला काढता यावर दिवस ठरतो. तासाभरात तुम्ही पूर्ण वेगळ्या मुलखात असता.

सगळ्यात आधी आग्नेयेला जा, हॉकिंग हिल्सला. 33 नंबरचा हायवे धरायचा. लँकेस्टर मागे पडलं की रस्ता वळणं घ्यायला लागतो, दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते, आणि मागे बसलेले सासरे हमखास म्हणतात, 'अरे, हा तर घाट लागला!' लोगन गावापर्यंत साधारण तास लागतो. पार्कमध्ये बघण्यासारख्या जागा एकमेकींपासून काही मैलांवर आहेत आणि एका दिवसात सगळ्या उरकायच्या नादात लोक दमून जातात. दोन निवडा.

सासूबाईंसाठी ॲश केव्ह. पार्किंगपासून जेमतेम पाव मैलाची पक्की, सपाट वाट आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. उंच हेमलॉक वृक्षांमधून, दोन कड्यांच्या मधून चालत जायचं आणि मग एकदम समोर येते सुमारे 700 फूट रुंद आणि 90 फूट उंच अशी वालुकाश्माची प्रचंड कपार. पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना इथे राखेचे मोठाले ढीग सापडले होते, मूळच्या लोकांनी किती पिढ्या इथे चुली पेटवल्या असतील त्यांची राख. नाव त्यावरून पडलं. वरून धबधबा पडतो. मार्च-एप्रिलमध्ये तो जोरात असतो, जूनमध्ये पावसावर अवलंबून, आणि ऑगस्टमध्ये बहुतेक नुसती धार. पण पाणी नसलं तरी कपारीखाली गारवा असतो आणि पायाखाली वाळू, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचा तिथून पाय निघत नाही.

दुसरी जागा ओल्ड मॅन्स केव्ह. दगडात कोरलेल्या पायऱ्या, बोगदे, पूल, धबधबे असं सगळं एका घळीत आहे. गुडघे दुखत असतील तर मात्र नको. वाट एकदिशा आहे, त्यामुळे खाली उतरण्याआधीच कोण येणार आणि कोण वर सावलीत बसणार हे ठरवा. इथून सीडर फॉल्सवरून ॲश केव्हपर्यंत सुमारे सहा मैलांची जी पायवाट जाते तिला ग्रँडमा गेटवुड यांचं नाव दिलंय. एमा गेटवुड मूळच्या ओहायोच्याच, अकरा मुलांची आई. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, साधे कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून त्या जॉर्जियापासून मेनपर्यंतची दोन हजार मैलांहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकट्या चालून गेल्या. पावसासाठी त्यांच्याकडे बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा होता. ही गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. मी पाहिलंय की आपल्याकडून आलेल्या बायकांना ती फार जवळची वाटते.

काही गोष्टी काळजीच्या आहेत. तिथे मोबाईलला नेटवर्क जवळपास नसतंच, नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या आणि दोन गाड्या असतील तर भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवून ठेवा. कड्यांच्या कडेला कुंपण सगळीकडे नाही आणि इथे माणसं पडून दगावलेली आहेत, तेव्हा मुलांचा हात सोडू नका आणि आखलेली वाट सोडू नका. अंगाला लागली की खाज आणि पुरळ उठवणारी तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही वेल मुलांना आधीच ओळखायला शिकवा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर सगळ्यांचे पाय आणि मान गोचिडींसाठी तपासा. ऑक्टोबरच्या मधल्या आणि शेवटच्या आठवड्यात रंग सुरेख असतात, पण गर्दी इतकी की नऊच्या आत पोचला नाहीत तर पार्किंगमध्येच फिरत राहाल. ओहायोच्या स्टेट पार्क्सना प्रवेश शुल्क नाही. शाकाहारी जेवण त्या बाजूला मिळणं कठीण, म्हणून दशम्या, चटणी, दहीभात बरोबर असू द्या, पिकनिक टेबलं भरपूर आहेत.

आता पूर्वेला, नूअर्क. हे मी सगळ्यांना सांगते आणि फार थोडे जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोलंबसपासून पाऊण तासावर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेली मातीची भव्य रचना आहे. ज्यांना आज हॉपवेल संस्कृतीचे लोक म्हणतात त्यांनी लाकडी-हाडाची हत्यारं आणि टोपल्यांनी माती वाहून सुमारे 1,200 फूट व्यासाचं वर्तुळ उभारलं. आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि कार्ल्याचं चैत्यगृह कोरलं जात होतं, साधारण तोच हा काळ. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अमेरिकेला इतिहास नाही असं म्हणणं मी कायमचं सोडलं.

ग्रेट सर्कल हे वर्तुळ तुम्ही वाटेल तितका वेळ फिरू शकता, आत सगळं सपाट गवत आहे, मोठी झाडं आहेत, शेजारी छोटं संग्रहालय आहे. तिथून थोड्याच अंतरावर ऑक्टॅगन आहे. त्याचा अक्ष अशा दिशेला लावलेला आहे की 18.6 वर्षांच्या चक्रात चंद्र जेव्हा सर्वात उत्तरेला उगवतो, तेव्हा तो त्या रेषेत येतो. शंभराहून जास्त वर्षं या जागेवर खासगी गोल्फ क्लब होता आणि सामान्य माणसाला वर्षातले थोडेच दिवस आत मोकळेपणी फिरता यायचं. 2022 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने जागा क्लबकडून परत घेता येईल असा निकाल दिला, 2023 मध्ये नूअर्क, चिलिकॉथी आणि इतर जागा मिळून युनेस्कोच्या यादीत गेल्या, आणि 2025 च्या सुरुवातीपासून ऑक्टॅगन सगळ्यांना खुला झाला. मातीच्या भिंतींवर मुलांना चढू देऊ नका, ज्यांच्या पूर्वजांनी ती बांधली त्या लोकांसाठी ती आजही पवित्र जागा आहे.

नूअर्कच्या अलीकडे ग्रॅनव्हिल लागतं. मॅसॅच्युसेट्समधून आलेल्या लोकांनी 1805 मध्ये वसवलेलं टुमदार गाव, वर टेकडीवर डेनिसन विद्यापीठ. परतताना तासभर थांबा. नूअर्कच्या दक्षिणेला डॉज आर्बोरेटम आहे. तिथे तिकीट पडतं, पण सासऱ्यांना झाडांची आवड असेल तर अख्खा दिवस तिथेच काढा, बराचसा भाग गाडीतून फिरून बघता येतो.

उत्तरेला 71 नंबरच्या हायवेने तासाभरावर मॅन्सफिल्डजवळ मलबार फार्म आहे. हो, आपलंच मलबार. लुई ब्रॉमफिल्ड हे कादंबरीकार भारतात येऊन गेले होते, भारतावर लिहिलेल्या कादंबरीच्या कमाईतून त्यांनी ही जमीन घेतली आणि म्हणून शेताला आपल्या पश्चिम किनाऱ्याचं नाव दिलं. खरी गोष्ट पुढे आहे. त्यांनी मुद्दाम धूप होऊन पार कस गेलेली शेतं विकत घेतली आणि उतारावर समपातळीत नांगरट, हिरवळीचं खत, कुरणं असं करत ती पुन्हा जिवंत केली. ज्यांच्या घरी शेती आहे किंवा होती अशा आजी-आजोबांना इथे गप्प बसवत नाही, ते बांधबंदिस्तीवर बोलायला लागतात आणि नातवंडं ऐकतात. हॉलिवूडचे तारे हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांचं लग्नही 1945 मध्ये याच घरात लागलं. घर आतून बघायचं असेल तर आधी वेळ पाहून घ्या. मार्चमध्ये इथे मेपलचा पाक करताना दाखवतात, ते मुलांना आवडेल.

पश्चिमेला यलो स्प्रिंग्ज, तासभर. ग्लेन हेलनमध्ये लोहयुक्त पाण्याने दगड पिवळे-नारिंगी झालेला झरा आहे, जवळच क्लिफ्टन गॉर्जची अरुंद, खोल घळ. वितळत्या बर्फाच्या पाण्याने ती कापली, म्हणजे तोच बर्फ जो सपाट करून गेला, त्यानेच हीही केली. गावात हातमागाची, पुस्तकांची, मातीच्या भांड्यांची दुकानं आहेत आणि गावाबाहेर यंग्ज जर्सी डेअरीत आईस्क्रीम आणि शेळ्या. मुलांचं मत विचारलंत तर बहुधा हीच सहल जिंकेल.

होम्स काउंटीतला आमिश लोकांचा, म्हणजे मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, भाग जवळजवळ दोन तासांवर आहे. बर्लिन, चार्म, वॉलनट क्रीक ही गावं, चीज, लाकडी सामान. रविवारी तिथे जाऊ नका, आमिश लोकांचं सगळं बंद असतं. घोडागाडीच्या मागे गाडी हळू ठेवा आणि माणसांचे चेहरे येतील असे फोटो काढू नका, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वापरतात ते, बऱ्याचदा वासराच्या पोटातून काढलेलं) असू शकतं, चालत नसेल तर विचारून घ्या.

आणि ज्या रविवारी दुपारी उशीर झालाय पण घरात बसवत नाही, त्या दिवशी शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर बॅटेल डार्बी क्रीक. मेट्रो पार्क आहे, फुकट आहे, आणि तिथे गवताळ माळावर बायसनचा कळप आहे.

सासू-सासरे आल्यावर जेट लॅग उतरेपर्यंत लांब जाऊ नका. पहिल्या शनिवारी नूअर्क आणि ग्रॅनव्हिल करा, पुढच्या शनिवारी ॲश केव्ह सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. सासूबाईंना ॲश केव्ह झेपलं तर मलबार फार्मलाही त्या आनंदाने येतील.