पऱ्हाटीपासून वीज होते, मग तिला भाव का नाही?

प्रश्न: काटोलकडं आमची कपाशी असते. सीझन संपला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर पेटवून देतो, सगळेच देतात. पण आता ऐकतो की थर्मलमध्ये कोळशासोबत हेच जाळतात. मग आमच्याकडं कोणी घ्यायला का येत नाही? आणि धूर तर होतोच, मग ही ऊर्जा चांगली कशी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: ऐकलं ते खरंच आहे. केंद्राच्या 2021 च्या धोरणात कोळशाच्या वीज केंद्रांनी कोळशात 5 टक्के पेलेट्स, म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, मिसळाव्यात असं ठरलं होतं. आणि पऱ्हाटीत दम आहे हो, नीट वाळली तर किलोला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी, म्हणजे थर्मलला येणाऱ्या आपल्याकडच्या कोळशाच्या जवळपासच.

अडतं ते वाहतुकीत. मोकळी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली की ट्रॉली दिसते भरलेली पण वजन काहीच नसतं, डिझेल मात्र तेवढंच लागतं! त्यात 1 मेगावॅटचा छोटा प्लँट वर्षभर चालवायचा तर साधारण 8 ते 10 हजार टन माल लागतो, आणि हेक्टरी निघते 2-3 टन, म्हणजे 3-4 हजार हेक्टरची पऱ्हाटी दोन-तीन महिन्यात गोळा करून पावसाआधी झाकून ठेवायची. एकट्या शेतकऱ्याचं हे काम नाहीच. म्हणून मला वाटतं मशीन गावाजवळ पाहिजे, गटानं किंवा शेतकरी कंपनीनं तिथंच कुट्टी करून ब्रिकेट (दाबून केलेले ठोकळे), पेलेट बनवायचे, मग पुढं पाठवायचं. नागपुरात वाडीला सिरकॉटचं, म्हणजे केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं, जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, पऱ्हाटीच्या वापरावर त्यांचं काम आहे, गटातल्या दोघातिघांनी जाऊन बघाच.

धुराचं म्हणाल तर पऱ्हाटीतला कार्बन झाडानं याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, कोळशातला कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला. पण हा फायदा बॉयलरमध्ये जाळलं तर, तिथं राख पकडायची सोय असते आणि त्या उष्णतेची वीज होते. धुऱ्यावर पेटवलं तर नुसता धूर, तो पण आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

एक मात्र, भाव मिळेल म्हणून सगळंच विकू नका. पऱ्हाटी शेतातून काढायलाच पाहिजे, उभी राहिली तर गुलाबी बोंडअळी तिच्यातच टिकते. पण सोयाबीनचं कुटार, तुरीचा पाला जनावराला आणि खताला राहू द्या, जमिनीतला सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. घरी 4-5 जनावरं असतील तर 2 घनमीटरचा गोबर गॅस आधी बसवा, रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, घरचा स्वयंपाक होतो आणि स्लरी, म्हणजे उरलेलं पातळ शेण, खत म्हणून शेतात जाते.