वाचकांचे प्रश्न : ईमॅक्समधल्या कमांडची नावं

प्रश्न : नोंदी ठेवण्यासाठी ईमॅक्स या मजकूर-संपादकाचं 'टिपण' नावाचं पॅकेज (जोड-प्रोग्राम) लिहिलंय. चौदा कमांड झाल्यात: 'न्यू-टिपण', 'टिपण-डिलीट', 'रिमूव्ह-टॅग', 'टिपण-किल-लिंक'... आता माझीच नावं मला आठवत नाहीत. क्रम कोणता धरू?

उत्तर : आधी पॅकेजचं नाव, मग क्रियापद, मग कर्म: 'टिपण-डिलीट-टॅग'. ईमॅक्सच्या लिस्प भाषेत सगळ्या पॅकेजची नावं एकाच पोत्यात पडतात. दुसऱ्या कुणाचं 'रिमूव्ह-टॅग' असेल तर जे नंतर लोड होईल ते आधीच्यावर चढून बसतं, तेही बिनबोभाट. शिवाय एम-एक्सनंतर (नावाने कमांड चालवायची कळजोडी) 'टिपण-' लिहून टॅब दाबला की चौदाच्या चौदा समोर येतात. यादी दाखवणाऱ्या कमांडला मात्र 'लिस्ट-' आधी लावायची रीत आहे, 'लिस्ट-पॅकेजेस'सारखी.

खरा घोळ क्रियापदांचा आहे. 'रिमूव्ह', 'डिलीट' आणि 'किल' तुम्ही एकाच अर्थाने वापरलेत. ईमॅक्समध्ये 'किल-रीजन'ने कापलेला मजकूर किल-रिंगमध्ये, म्हणजे कापलेल्या मजकुराच्या साठ्यात, जातो आणि यँक केला (चिकटवला) की परत येतो. 'डिलीट-रीजन'ने पुसलेला तिथे जात नाही. लिंक रिंगमध्ये ठेवत नसाल तर 'किल' शब्द काढा, नाहीतर वापरणारा यँक करेल आणि भलताच जुना मजकूर चिकटेल. 'किल-बफर' हा नियम पाळत नाही, तो नुसता बफर (उघडलेला मजकूर) बंद करतो. पण ते जुनं दुखणं आहे, त्याचा दाखला घेऊ नका. चौदा नावं कागदावर लिहा, एका कृतीला एकच क्रियापद ठेवा. आतल्या कामाच्या फंक्शनना 'टिपण' या उपसर्गानंतर दोन जोडरेघा द्या.

प्रश्न : पॅकेज लोक वापरतात. नावं बदलली तर त्यांचं अडेल का?

उत्तर : अडेल, आणि उशिरा कळेल. कळ जुन्या नावाला बांधलेली असली तरी ईमॅक्स सुरू होताना तक्रार करत नाही. कळ दाबल्यावर एरर येते. म्हणून प्रत्येक जुन्या नावासाठी 'डिफाइन-ऑब्सोलीट-फंक्शन-अलायस' (जुन्या नावावरून नव्याकडे नेणारं पर्यायी नाव) लिहा: जुनं नाव, नवं नाव, बदल झाला ती आवृत्ती. नुसत्या 'डेफअलायस'ने कामही चालतं, पण बाइट-कंपाइल करताना (कोड आधीच रूपांतरित करताना) जुन्या नावाबद्दल सूचना मिळत नाही, मग जुनं नाव कधीच सुटत नाही. जुनी कमांड ऑटोलोड (गरज पडल्यावर आपोआप लोड) होत असेल तर अलायसच्या वरही ऑटोलोडची खूण हवी. ती हमखास राहते. सेटिंगच्या व्हेरिएबलचं नाव बदलताना त्याचा वेगळा ऑब्सोलीट अलायस 'डेफकस्टम'च्या (सेटिंग जाहीर करणाऱ्या कोडच्या) आधी लिहा. नंतर लिहिलात तर वापरणाऱ्याने ठरवलेली किंमत नव्या नावापर्यंत पोचेलच असं नाही. ईमॅक्सनेही 24.3 या आवृत्तीत 'टॉगल-रीड-ओन्ली' असंच जुनं ठरवून 'रीड-ओन्ली-मोड' पुढे आणलं.

प्रश्न : कमांडची नावं देवनागरीत ठेवली तर चालतील?

उत्तर : लिस्पला चालतात. एम-एक्सच्या ओळीतही कंट्रोल-बॅकस्लॅशने 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' ही टंकनपद्धत सुरू करता येते. अडचण 'दुसऱ्या'सारख्या शब्दात येते. त्यातला अर्धा र कुणी ऱ वापरून टंकतो, तर कुणी र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण लिस्पच्या लेखी नावं दोन. कमांड दिसते आणि 'नो मॅच' येतं, तेव्हा अक्षरावर कर्सर ठेवून 'डिस्क्राइब-चार' चालवा, कोडपॉइंट (अक्षरांचे युनिकोड क्रमांक) दिसतील. मूळ नाव रोमनमध्ये ठेवून देवनागरी नाव अलायस म्हणून द्या, आणि त्यात ऱ्य, ऱ्ह येणारे शब्द टाळा.