ओहायोतला भोपळा आणि तुझी इंग्लिश नजर

अनेक आशीर्वाद.

सर्कलव्हिलच्या भोपळ्याच्या जत्रेचं वर्णन वाचून पोट धरून हसलो. भोपळ्याचे डोनट, भोपळ्याचा बर्गर, भोपळ्यासारखी रंगवलेली पाण्याची टाकी, सगळं खरं. पण ‘हे लोक खरंच गंभीर आहेत का?’ हा तुझा प्रश्न इंग्लंडातल्या लेस्टरहून तुझ्याबरोबर इकडे अमेरिकेत आलेला आहे. मीही तिथूनच इकडे आलो, म्हणून ती नजर ओळखतो. इंग्लंडात ‘फेट’चे, म्हणजे गावच्या छोट्या जत्रेचे, आयोजकच आधी स्वतःची थट्टा करून घेतात: पाऊस येणारच, केक न फुगता बसणारच. ओहायोत तसं नाही. १९०३ साली सर्कलव्हिलच्या महापौरांनी भोपळे आणि मक्याचा कडबा मांडून छोटंसं प्रदर्शन भरवलं. आज ती जत्रा चार दिवस चालते आणि हजार पौंडांहून जास्त वजनाचे भोपळे काट्यावर चढतात. लोकांना त्याचा सरळ, उघड अभिमान आहे. त्यात छुपा विनोद शोधू नकोस, तो नाही.

उन्हाळ्यात काउंटी फेअरला, म्हणजे जिल्ह्याच्या शेती-जत्रेला, मात्र जाच, आणि पाळण्यांकडे न जाता गोठ्यांकडे जा. तिथे फोर-एच या मुलांच्या संघटनेतली पोरं भेटतील. या चळवळीचं मूळ ओहायोतच, १९०२ सालचं, क्लार्क काउंटीतलं. दहा-बारा वर्षांचं पोर डुक्कर किंवा वासरू वाढवतं, खाण्याचा हिशेब वहीत ठेवतं आणि शेवटी लिलावात उभं राहतं. गावातली बँक, ट्रॅक्टरचा विक्रेता बाजारभावापेक्षा बरीच जास्त बोली लावतात. मांसाची किंमत म्हणून पाहिलंस तर वेडेपणा वाटेल. तो पैसा बहुधा त्या मुलाच्या कॉलेजसाठी असतो, आणि बोली कोणी लावली हे गाव लक्षात ठेवतं. जनावर पुढे कुठे जातं हे पोराला ठाऊक असतं. काही जण रडतात. तिथे उभी राहून इंग्लिश कोटी करू नकोस. आणखी एक: निळी फीत म्हणजे इथे पहिला नंबर. इंग्लंडातल्या कृषी प्रदर्शनांत लाल पहिली आणि निळी दुसरी, ते इथे विसर. नाहीतर विजेत्याचंच सांत्वन करशील.

अग्निशमन केंद्रात वर्गणीसाठी ठेवलेल्या पॅनकेकच्या नाश्त्याला तू नाक मुरडलंस. लेस्टरला काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे स्थानिक घरपट्टीच्या, बिलातच अग्निशमनाचा आकडा छापून येतो, म्हणून तुला हा पोरखेळ वाटला. अमेरिकेतले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. लहान गावात कितीदा तरी नळ्या आणि हेल्मेटं अशाच नाश्त्यातून येतात. तुझ्या आजोबांना ही रीत लगेच कळेल, गल्लीच्या गणपतीची वर्गणी त्यांनी मागितलीच असेल.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तेव्हाच्या इंग्लंडच्या राजा जॉर्जवरचा विनोद तुला घरोघरी ऐकावा लागेल. हसून सोड. जमलं तर कधीतरी ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला जा. नाव इंग्लंडचं, पण चार जुलैचा सोहळा १७८५पासून अखंड, आणि मिरवणुकीच्या रस्त्याची मधली रेघसुद्धा लाल-पांढरी-निळी. राष्ट्रगीताला उभी राहा. छातीवर हात ठेवायची तुझ्यावर सक्ती नाही.

‘लेस्टरची’ म्हटल्यावर ‘पण मूळची कुठली?’ हा दुसरा प्रश्न येईल. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो, पण प्रत्येकाला वंशावळ सांगायचीही गरज नाही. उलट विचार, ‘तुमचे पणजोबा कुठले?’ मग गप्पा पुढे सरकतात, किंवा थांबतात. दोन्ही बरं.

सगळंच आवडून घे असं मी म्हणत नाही. तळलेल्या ओरिओला माझा आजही नकार आहे, आणि प्रत्येक तंबूवर प्रायोजकाचा फलक असतो त्याचा मला कंटाळा येतो. पण नुसती प्रेक्षक राहू नकोस. पुढच्या जत्रेच्या आधी, उन्हाळ्यातच, आयोजकांना फोन करून स्वयंसेवकाचं एखादं काम माग. वडापावचा स्टॉल पहिल्याच वर्षी सुचवू नकोस. आधी कचऱ्याच्या पिशव्या बांध, गाड्या लावायला मदत कर. दुसऱ्या वर्षी तेच विचारतील, तुमच्याकडचं काही खायला करणार का?

कुठलं काम मिळालं ते कळव. गाड्या लावण्याचं मिळालं तर जुने बूट घाल, पाऊस झाला की मैदानात घोट्याएवढा चिखल होतो.

तुझा,
काका