वायफायच्या डब्याला दोन कुलपं असतात

या महिन्यात ग्वाल्हेरहून तीन पत्रं आलीयेत आणि तिन्ही इंटरनेटच्या डब्याबद्दलच, म्हणजे राउटरबद्दल, म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच देतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय पण ते लांबवायलाच हवं होतं.

प्रश्न : मी लष्कर भागात जिवाजीगंजात राहते, वय ६८. मुलगा पुण्याला असतो, त्याने फायबरचं कनेक्शन घेऊन दिलं. बसवायला आलेल्या भैयाने पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकला, म्हणाला आंटीजी भूलोगे नहीं. वर कॉलेजची तीन मुलं भाड्याने आहेत, त्यांना तो दिला, त्यांनी मित्रांना दिला असणार, शेजारच्या घरातही गेलाय. संध्याकाळी नातीशी व्हिडिओवर बोलायला बसलं की ती मधेच अडकते. मागे देवघरात तर रेंजच नाही, भिंती जुन्या दगडी आहेत. पासवर्ड बदलायचा तर भैयालाच बोलवायला लागेल का, आणि माझ्या हातून काही बिघडलं तर?

उत्तर : काकू, भैयाला अजिबात बोलवू नका, हे तुम्ही स्वतः करू शकता आणि तुम्हीच करावं असं मला मनापासून वाटतं, कारण घराची किल्ली दुसऱ्याने बनवली तर एक त्याच्याकडेही राहते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, यात भले भले गोंधळतात. या डब्याला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरा खुद्द डब्याचा, ज्याने त्याच्या आतल्या सेटिंगमधे शिरता येतं. पहिला सगळ्यांना माहीत असतो, दुसरा घरात कोणालाच माहीत नसतो, तो कंपनीतून आला तसाच वर्षानुवर्षं राहतो, बऱ्याच डब्यांवर युजरनेम ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. तुमच्या वायफायवर जो कोणी आहे तो या दुसऱ्या दारावर टकटक करू शकतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर असेच ताब्यात घेतले होते, त्याच्याकडे फक्त साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या आणि तो त्याच एकेक करून लावून बघत होता, बाकी काही हुशारी नाही.

तर पहिलं काम हे दुसरं कुलूप. डबा उलटा करा, खाली स्टिकर आहे, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फोन वायफायवर असतानाच ब्राउझर उघडून वर जिथे वेबसाईटचं नाव लिहितात तिथे स्टिकरवरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, काहींचा १९२.१६८.०.१ असतो. ब्राउझर म्हणेल की हे सुरक्षित नाही, आपल्याच घरातला डबा आहे, पुढे जा. आत गेलात की ॲडमिनिस्ट्रेशन किंवा मॅनेजमेंट नावाच्या भागात पासवर्ड बदलायची जागा सापडेल. नवा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, खुशाल ठेवा, इंटरनेटवरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

मग वायफायचा पासवर्ड. मोबाईल नंबर का नको ते सांगतो. दहा आकडे खूप वाटतात पण आपल्याकडे नंबर ६ ते ९ नेच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटीच शक्यता, आणि तुमच्या घराबाहेर उभं राहून कोणी फोन आणि डबा यांच्यातली जोडणी एकदा पकडली तर घरी जाऊन चांगल्या ग्राफिक कार्डच्या कॉम्प्युटरवर हे सगळे नंबर लावून बघणं काही तासांचं काम आहे. आणि शेजारच्याला तर तेवढंही नको, तुमचा नंबर मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधे आहेच. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, स्वयंपाकघरातला एक, माहेरच्या गावातला एक, असे. लक्षात राहतात आणि फोडायला फार अवघड जातात. तिथेच सिक्युरिटीत, म्हणजे कुलपाचा प्रकार निवडायच्या जागी, डब्ल्यूपीए२ किंवा त्याच्यापुढचं डब्ल्यूपीए३ निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर ते मुळीच नको, ते २००१ सालीच फुटलंय. बदल केल्याक्षणी सगळ्यांच्या फोनचं वायफाय तुटेल, घाबरू नका, तेच तर हवंय, आपले आपले एकेक करून पुन्हा जोडा.

आत आहातच तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने फोन जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन डबा दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता हिशोबाचा असतो, त्यामुळे कोटीभर नाही तर फक्त ११ हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मधेच उघड झालं. रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर तेही बंद, बाहेरून कोणाला आपल्या डब्यात यायचं कारण नाही.

वरच्या मुलांना नेट बंद करा असं मी म्हणणार नाही, शिकणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, वेगळं नाव वेगळा पासवर्ड, त्यावरून नेट मिळतं पण तुमचे फोन, टीव्ही, कॅमेरा यांच्यापर्यंत पोचता येत नाही. मुलं बदलली की तेवढाच पासवर्ड बदला. मात्र कनेक्शन तुमच्या नावावर आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेलांना धमकीचा ईमेल गेला होता आणि तपासात तो निघाला नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वायफायवरून. ज्याचं कनेक्शन होतं त्याचा त्यात काही हात नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात आले. मी ही गोष्ट प्रत्येक वायफायवाल्या घरात सांगतो.

एक काम मात्र करू नका. डब्याच्या मागे सुईच्या टोकाने दाबायचं रीसेटचं छोटं भोक असतं, ते दाबू नका. फायबरच्या डब्यात कंपनीने भरलेली माहितीही त्याने पुसली जाऊ शकते आणि मग खरोखरच भैयाला बोलवावं लागेल. बाकी काही बिघडत नाही.

आता देवघर. आपल्या ग्वाल्हेरच्या दगडी भिंतीत रेंज मरते, त्याला डब्याचा दोष नाही. डबा दोन लहरींवर बोलतो, ५ गिगाहर्ट्झ जोरात धावतो पण भिंतीला थकतो, २.४ हळू चालतो पण भिंत बरी ओलांडतो, तेव्हा मागच्या खोलीत २.४ वर जोडा. डबा लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजवर असेल तर आधी काढा, घराच्या मधोमध उंचावर ठेवा. तरी नाहीच आली तर वायफाय पकडून पुढे ढकलणारा स्वस्तातला रिपीटर घेऊ नका, तो बहुतेकदा स्पीड निम्मा करतो, त्याऐवजी पुढच्या खोलीतून मागे लॅनची केबल ओढून तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉईंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय द्यायला, लावून घ्या. केबल १०० मीटरपर्यंत चालते, एवढा लांब वाडा आता कोणाचा राहिलाय. नात अडकते ते आधी फुकट्यांची गर्दी कमी करून बघा, बहुतेक तेवढ्यानेच थांबेल.

प्रश्न : मी वायफायचं नाव लपवून ठेवलंय आणि फक्त घरच्या फोनांचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) चालू ठेवलेत. मग पासवर्ड सोपा ठेवला तर चालेल ना? (थाटीपूर)

उत्तर : नाही चालणार दादा. लपवलेलं नाव हवेत पकडणारं ॲप मिनिटात दाखवतं, उलट तुमचा फोनच बाहेर जाईल तिथे ते नाव पुकारत फिरतो. मॅक ॲड्रेसही हवेतून दिसतो आणि नकल करता येतो, शिवाय आताचे फोन स्वतःच बनावट मॅक वापरतात त्यामुळे घरचेच कोणीतरी बाहेर अडकतील. दोन्ही काढून टाका, पासवर्ड लांब ठेवा.

प्रश्न : मे-जूनमधे लाईट गेली की नेट जातं, मुलाचा ऑनलाईन क्लास बुडतो. इन्व्हर्टर घ्यायची ऐपत नाही. (हजीरा)

उत्तर : ताई, इन्व्हर्टर नकोच, राउटरसाठी मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, मिळतो, त्याची किंमत इन्व्हर्टरच्या मानाने अगदी कमी. घ्यायला जाताना डब्याच्या ॲडॅप्टरचा फोटो घेऊन जा, त्यावर किती व्होल्ट (बहुतेक १२) आणि किती ॲम्पिअर ते लिहिलेलं असतं, व्होल्ट अगदी तोच हवा, ॲम्पिअर तेवढा किंवा जास्त, आणि पिनही बसायला हवी. उन्हाच्या खिडकीत डबा ठेवू नका, त्याच्यावर कापडही घालू नका, आपल्याकडचा उन्हाळा त्यालाही सोसत नाही. आणि यूपीएसवर असतानाही एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर दोष बहुतेक तुमच्या घरात नाही, बाहेर लाईन तुटलीये किंवा तिकडच्या यंत्राचीही लाईट गेलीये, तेव्हा सरळ कंपनीला तक्रार लावा आणि क्लासपुरता मोबाईलचा हॉटस्पॉट द्या.